ग्रामविकास खातं की गृहकर्जाचं टेबल? नागपूर जिल्ह्यातल्या नवख्यांसाठी

घरकुलाचा हप्ता सोडणारा पंचायत समितीतला माणूस आणि गृहकर्जाची फाइल पास करणारा फायनान्स कंपनीतला माणूस, दोघं दिवसभर एकाच प्रश्नाच्या मागे असतात: ही जागा नक्की कोणाची, आणि या माणसाच्या हातून घर पुरं होईल का? एकाच्या हाताशी सरकारी निधी, दुसऱ्याच्या हाताशी कंपनीने उसना उचललेला पैसा. कागद तेच, गावं तीच, आणि अर्जदारही पुष्कळदा तोच. म्हणून या दोन नोकऱ्यांची तयारी एकत्र करता येते, असं माझं मत आहे. क्लासवाले तसं सांगत नाहीत, कारण त्यांच्या बॅचा वेगळ्या असतात.

आधी दारं ओळखा

सरकारी बाजूचं सर्वांत ओळखीचं दार म्हणजे जिल्हा परिषद. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं २०२४ मध्ये एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव दिलं; गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात. आतापर्यंतच्या भरतीत बारावीला ६० टक्के, किंवा कृषी पदविका, अभियांत्रिकी पदविका, समाजकार्याची पदवी असे पर्याय होते. निवडीनंतरची पहिली तीन वर्षं कंत्राटी म्हणून ठरावीक मानधनावर काढावी लागतात आणि मग नियमित वेतनश्रेणी मिळते. घरी हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या महिन्याचा आकडा ऐकून वडील हिरमुसतात.

त्याच्या वरचं दार एमपीएससीचं. राज्यसेवा परीक्षेतून गटविकास अधिकारी आणि सहायक गटविकास अधिकारी होता येतं. नागपूर जिल्ह्यात १३ पंचायत समित्या आहेत. नरखेडपासून भिवापूरपर्यंत कुठल्याही गटविकास अधिकाऱ्याच्या केबिनबाहेर अर्धा दिवस बसा, या नोकरीत किती माणसं अंगावर येतात ते कळेल.

तिसरं दार नाबार्डचं. १२ जुलै १९८२ ला स्थापन झालेली ही बँक तुम्हाआम्हाला थेट कर्ज देत नाही. बँकांनी वाटलेल्या कर्जासाठी त्यांना पैसा (पुनर्वित्त) पुरवते आणि जिल्ह्याची पतयोजना, म्हणजे कर्जवाटपाचा आराखडा, आखायला मदत करते. तिची ग्रेड ‘ए’ची परीक्षा अवघड आहे. त्यातले आर्थिक-सामाजिक प्रश्न आणि कृषी व ग्रामीण विकास हे दोन विषय मन लावून केले, तर ग्रामसेवकाच्या परीक्षेतला तांत्रिक भाग आपोआप सोपा जातो. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातली मुलं इथे आघाडीवर असतात, ते उगाच नाही. वाणिज्य किंवा कला शाखेच्या मुलांनी कृषीचा भाग निदान सहा महिने आधी हातात घ्यावा.

कंत्राटी दारं बरीच आहेत. बचत गटांच्या ‘उमेद’ अभियानात प्रभाग समन्वयक, घरकुल योजनेत पंचायत समितीच्या पातळीवर ग्रामीण गृहनिर्माण अभियंता, रोजगार हमीत तांत्रिक सहायक. रोजगार हमीचं राज्याचं आयुक्तालय नागपुरातच आहे, हे कित्येक नागपूरकरांना ठाऊक नसतं. या जागा दोनेक वर्षं काम शिकायला उत्तम. ‘पुढेमागे कायम करतील’ या आशेवर मात्र तिथे वयोमर्यादा ओलांडून बसू नका.

आता कर्जाची बाजू. ‘अंडररायटर’, म्हणजे जोखीम तपासून कर्ज द्यायचं की नाही ते ठरवणारा, असं पद जाहिरातीत क्वचितच दिसेल. तुम्ही शोधायचं ते क्रेडिट ऑफिसर, क्रेडिट मॅनेजर, क्रेडिट प्रोसेसिंग असल्या नावांनी. सरकारी बँकांमध्ये आयबीपीएसच्या परीक्षेतून जाता येतं, पण तिथे गृहकर्जाचंच टेबल मिळेल याची खात्री नसते. ग्रामीण बँकेचं चित्र नुकतंच बदललं आहे. नागपुरात मुख्यालय असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. म्हणजे आता बदली राज्यात कुठेही होऊ शकते. आणि तिसरा मार्ग हाउसिंग फायनान्स कंपन्यांचा. परीक्षा नाही, दोन-तीन मुलाखती, आणि पंधरवड्यात हातात फाइल. या कंपन्यांचं नियमन २०१९ पासून रिझर्व्ह बँकेकडे आहे, देखरेख राष्ट्रीय आवास बँकेकडे. काम सर्वांत लवकर शिकायचं असेल तर इथे. संध्याकाळी सहाला घरी जेवायला बसायचं असेल तर इथे येऊ नका.

कागद वाचायला शिका

बहुतेक नवखे आधी एक्सेल शिकतात. मी म्हणेन, आधी सातबारा वाचा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर विनास्वाक्षरीचा सातबारा फुकट बघता येतो. स्वतःच्या आजोळच्या गावचा काढा. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, इतर हक्कांत कोणाचा बोजा (कर्जाची नोंद), शेवटचा फेरफार (नोंदीतला बदल) कशाचा, वारसांची नावं लागली की राहिली, हे सगळं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारत विचारत समजून घ्या. वर्ग २ दिसलं की सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही, हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे.

पुढचा गोंधळ आठ नंबरचा. तलाठ्याकडचा गाव नमुना ८अ वेगळा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ वेगळा. पहिल्यात खातेदाराच्या नावावर एकूण जमीन किती ते दिसतं. दुसरा म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही. गावठाणातला माणूस कर्जासाठी येतो तेव्हा ‘कागद आहेत ना’ म्हणून हाच नमुना ८ आणि घरपट्टीची पावती पुढे करतो. ग्रामपंचायतीने कर लावला एवढंच त्यातून सिद्ध होतं, मालकी नाही. यावरच हजारो ग्रामीण फाइली अडतात. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देताहेत ते याचसाठी. ज्या गावात ती पत्रिका आली तिथली कर्जाची चर्चाच वेगळी होते. उद्या ग्रामपंचायत अधिकारी झालात तर ती मोजणी तुमच्या गावात येईल. कर्जाच्या टेबलावर बसलात तर तिची प्रत तुमच्यासमोर येईल.

शहरातले कागद आणखी तऱ्हेवाईक. पुण्यात प्रॉपर्टी कार्ड म्हणतात त्याला आपल्याकडे आखीव पत्रिका. नझूलचा भूखंड असेल तर जमीन सरकारची, हातात पट्टा. पट्ट्याचं नूतनीकरण झालं का, फ्रीहोल्ड केलं का, हे पहिलं बघायचं. नागपूर सुधार प्रन्यासचा लीजचा प्लॉट असेल तर विक्रीला आणि गहाणाला प्रन्यासची ना-हरकत. आणि नागपूरचा खास विषय म्हणजे अनधिकृत लेआउट. शेती तोडून प्लॉट पाडले, लोकांनी विक्रीपत्रं केली, घरं बांधली, आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली पुढे नियमितीकरण सुरू झालं. इथल्या क्रेडिटवाल्यांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा ‘आरएल आहे का?’ हा प्रश्न असतो, तो त्याच नियमितीकरण पत्राबद्दल. मुंबईहून बदलून आलेल्या मॅनेजरला हे समजायला महिनाभर लागतो. तुम्ही इथलेच, तेव्हा मुलाखतीला जाण्याआधी एवढं भांडवल जमवून ठेवा.

शेतजमिनीवर घरासाठी कर्ज का मिळत नाही, हा प्रश्न तुम्हाला नातेवाईक आयुष्यभर विचारणार आहेत. उत्तर असं: कर्ज थकलं तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ शकते, आणि त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. म्हणजे शेतावर बांधलेल्या घराला कर्ज दिलं तर वसुलीचं हत्यारच बोथट. म्हणून अकृषिकचा आदेश मागतात. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ड चा आधार मिळू शकतो; अशी फाइल आली तर नकार देण्याआधी तहसील कार्यालयातून खातरजमा करून घ्या.

गणित छोटं आहे, अंदाज मोठा

गृहकर्जाचं गणित दोन टोकांनी होतं. एक, मालमत्तेच्या किमतीच्या किती टक्के द्यायचं. रिझर्व्ह बँकेने वरची मर्यादा ठरवून दिली आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८०, त्याच्या पुढे ७५. दोन, उत्पन्नातून किती हप्ता झेपेल. साधारण निम्म्या उत्पन्नाच्या आत सगळे हप्ते मिळून बसले पाहिजेत असा संकेत आहे. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे. दोन्ही टोकांनी येणाऱ्या रकमांपैकी जी कमी, ती मंजूर.

एक फाइल मांडून बघू. कळमेश्वरला नाश्त्याचं दुकान चालवणारा माणूस १६ लाखांचं घर घेतोय. आयकर विवरणपत्र नाही. तुम्ही दुकानात जाऊन बसता. याला आमच्यात पीडी म्हणतात, म्हणजे अर्जदाराशी समोरासमोर बोलणं. ‘महिन्याला किती कमावता’ असं विचारलंत की तो पन्नास हजार सांगणार, कारण कर्ज हवंय. म्हणून तसं विचारायचंच नाही. दिवसाला पोहे किती किलो लागतात? दहा. किलोला किती प्लेटा निघतात? दहा-अकरा. प्लेट कितीची? तीस रुपये, तर्रीसकट. म्हणजे पोह्यांचे तीन हजार आणि चहाचे वर हजारभर. महिन्याला २६ दिवस धरले तर गल्ला १,०४,०००. मग आठवड्याला सिलिंडर किती, पोऱ्याला रोज किती, दुकानाचं भाडं किती, किराणा कोणाकडून भरता. त्या किराणावाल्याला जाता जाता भेटायचं. तो म्हणाला की दहा नाही, रोज आठ किलो नेतो, तर सगळं गणित खाली आणायचं. या दुकानापुरतं धरू की दहा किलोचं म्हणणं टिकलं आणि खर्च वजा जाता महिना २८,००० मान्य करावे असं ठरलं.

निम्मे म्हणजे १४,०००. मोटरसायकलचा हप्ता २,६०० चालू आहे, उरले ११,४००. वीस वर्षांच्या मुदतीला ११ टक्के दराने लाखाला सुमारे १,०३२ रुपये हप्ता पडतो, तेव्हा कर्ज ११ लाख. मालमत्तेच्या बाजूने १४ लाख ४० हजार बसले असते, पण मंजूर ११. हाच माणूस पगारदार असता आणि ९ टक्क्यांनी कर्ज मिळालं असतं, तर लाखाला ९०० रुपयांच्या हिशेबाने साडेबारा लाखांच्या वर गेलं असतं. कागदावर उत्पन्न न दाखवण्याची किंमत ती ही. आता खरा प्रश्न: उरलेले पाच लाख, शिवाय मुद्रांक शुल्क, तो कुठून आणणार? सासऱ्याकडून म्हणाला तर ठीक. ‘बघू’ म्हणाला तर कुठल्यातरी सावकाराचा हप्ता तुमच्या हप्त्याच्या शेजारी येऊन बसणार आहे, हे समजून फाइलवर तसं लिहा.

काटोल-नरखेडच्या संत्रावाल्याचं गणित पुन्हा निराळं. आंबिया बहाराचा, म्हणजे हंगामाचा, पैसा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, मृग बहाराचा फेब्रुवारीनंतर. त्याला दर महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता लावून दिला तर पावसाळ्यात तो चुकणारच. व्यापाऱ्याने बाग उक्ती घेतली असेल तर सौद्याची चिठ्ठी मागा, बँकखात्यात मोठी जमा कोणत्या महिन्यात दिसते ते बघा. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीताच्या वाटेवरचं, धरलं जातं. बहाराचं वेळापत्रक ठाऊक असलेला क्रेडिट ऑफिसर ते होण्याआधीच जुळणी करून देतो. उलट उमरेड-सावनेरच्या कोळसा खाणीतला किंवा कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रातला कायम कामगार आला तर पगारपत्रक बघून अर्ध्या तासात काम संपतं. सुरुवातीला तुम्हाला अशाच फाइली देतील. त्यांच्यावर समाधान मानू नका.

घरकुलाकडे वेगळ्या नजरेने बघा

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. हप्ते थेट खात्यात, आणि प्रत्येक टप्प्याला जागेवरचा फोटो अक्षांश-रेखांशासह. शिवाय रोजगार हमीतून मजुरीचे दिवस. या रकमेत घर पुरं होत नाही हे पंचायत समितीतला शिपाईही सांगेल. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच लाभार्थ्याला ७०,००० रुपयांपर्यंत बँकेचं कर्ज मिळवून द्यायची सोय लिहिलेली आहे. ती फार कमी ठिकाणी वापरली जाताना मी पाहिली. इथे दोन्ही टेबलं एकमेकांना भिडतात. कर्जाचं काम जाणणारा ग्रामपंचायत अधिकारी बचत गटातल्या बाईची बँकेतली फाइल मार्गी लावू शकतो. ग्रामसभा बघितलेला क्रेडिट ऑफिसर घर अर्ध्यावर का थांबलं ते ओळखू शकतो.

म्हणून एक काम नक्की करा: ग्रामसभेला जाऊन बसा. वर्षाला किमान चार होतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा बहुतेक गावांत ठरलेल्या. मोरभवनहून बस पकडा, मामाच्या नाहीतर मित्राच्या गावी जा, मागे उभे राहा. घरकुलाच्या यादीवरून जो आवाज चढतो तो कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात नाही.

अमेरिकेची एक खिडकी

नोकरीच्या संकेतस्थळांवर ‘यूएस मॉर्गेज अंडररायटिंग’च्या जाहिराती दिसतील. अमेरिकी गृहकर्जांचं कागदी काम भारतात बेंगळुरू, चेन्नई, हैदराबादेत मोठ्या प्रमाणावर चालतं. त्यात ‘रूरल डेव्हलपमेंट लोन’ असा शब्द आला तर तो आपला ग्रामविकास विभाग नव्हे; तिथल्या कृषी खात्याची, ग्रामीण भागातल्या घरांसाठीची हमी योजना आहे. १९४९ च्या त्यांच्या हाउसिंग कायद्याचं कलम ५०२ तिच्या मुळाशी. पदरचे पैसे न घालता घर घेता येतं. हप्ता, कर आणि विमा धरून घराचा खर्च उत्पन्नाच्या २९ टक्क्यांत आणि सगळी कर्जं ४१ टक्क्यांत बसावीत असा त्यांचा साधा मापदंड. पाळी बहुधा रात्रीची, इंग्रजी पक्कं हवं, आणि जागेवर जाणं शून्य. दोन-तीन वर्षांत पैसे बरे मिळतात. पण तो अनुभव घेऊन परत नागपुरात क्रेडिट मॅनेजर व्हायचं म्हटलं तर सातबाऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

पहिलं वर्ष कसं जातं

फायनान्स कंपनीत महिन्याचे पहिले पंधरा दिवस निवांत असतात. २५ तारखेनंतर सेल्सची मुलं तुमच्या खुर्चीमागे उभी राहतात. ‘सर, एवढी एक करून द्या, टार्गेट एका फाइलनं अडलंय.’ लीगल रिपोर्ट (वकिलाने केलेली मालकीची तपासणी) अपुरा असतो, टेक्निकलवाल्याने (घराची किंमत ठरवणाऱ्याने) किंमत फुगवलेली असते, आणि वरून फोन येतो. अशा वेळी नकाराचं कारण तोंडी सांगू नका, प्रणालीत लिहा: कोणता कागद कमी आहे, तो आल्यावर काय करणार. वर्षभराने ती फाइल थकली की सेल्सचा मुलगा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. मंजुरीखालचं नाव तुमचंच राहतं.

ग्रामपंचायतीत दबावाची तऱ्हा निराळी. तिथे टार्गेटचं काम सरपंच, सदस्य, कंत्राटदार करतात. एकाच माणसाकडे दोन-तीन गावं, दप्तर अपूर्ण, आधीच्या माणसाने कार्यभार नीट दिलेला नसतो. कार्यभार घेताना कॅशबुक, पासबुक, नमुना ८ आणि ९, पावतीपुस्तकं यांची यादी करून सही घेतल्याशिवाय ताबा घेऊ नका. समोरचा कितीही ज्येष्ठ असला तरी ‘साहेब, यादी करूनच घेतो’ एवढं म्हणायला काही हरकत नाही.

अर्ज करताना

सरकारी भरतीसाठी अधिवास, जात प्रमाणपत्र आणि वैधता, नॉन-क्रीमीलेअर यांच्या तारखा आजच तपासा. वैधता प्रमाणपत्राला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो, म्हणून ते जाहिरातीची वाट न बघता काढायचं. बँकेच्या बाजूला वाणिज्य पदवी किंवा एमबीए असेल तर बरं. नसलं तरी अडत नाही. नोकरी लागल्यावर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची क्रेडिटची प्रमाणपत्र परीक्षा द्या, बढतीला उपयोग होतो. ‘बँकेत लावून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणारे सीताबर्डीपासून टेलिग्रामपर्यंत सगळीकडे आहेत. परीक्षेचं अधिकृत शुल्क सोडलं तर नोकरीसाठी एक रुपयाही कोणाला द्यायचा नसतो.

मुलाखतीत क्रेडिटवाले हमखास एक फाइल तोंडी सांगतात आणि ‘करणार की नाही’ विचारतात. लगेच हो किंवा नाही म्हणू नका. आधी कोणते दोन कागद मागाल, कोणाला भेटाल, ते सांगा. आणि दुचाकीचा परवाना काढलेला नसेल तर तो आधी काढा. जाहिरातीत बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, पण पहिल्याच फेरीत विचारतात.